रहस्य वाचकाने आधीच ओळखलं तेव्हा: एका कथामालिकेचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण ऑनलाइन क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या एका कौटुंबिक रहस्यकथेचं आहे, आणि तिच्या एका निष्ठावान वाचकाचं. दोघांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि घेतलेले निर्णय तसेच ठेवले आहेत.

मालिका 60 भागांची ठरली होती. दर मंगळवारी आणि शुक्रवारी एक भाग, प्रत्येक भाग 1200 ते 1500 शब्दांचा. सुरुवात करताना लेखिकेकडे 8 भाग लिहून तयार होते. कथानक थोडक्यात असं: घर सोडून गेलेल्या थोरल्या मुलाची आईला अधूनमधून पत्रं येतात आणि सगळं घर त्या पत्रांवर तगून आहे. खरी गोष्ट अशी की मुलगा केव्हाच वारला आहे आणि पत्रं त्याची आत्या लिहिते. हा उलगडा भाग 46 मध्ये व्हायचा होता.

आत्यापर्यंत पोहोचवणारा मुख्य धागा एका अशुद्ध शब्दाचा होता. मुलाच्या पत्रांत (भाग 14 आणि 21) 'आर्शिवाद' असं लिहिलेलं होतं. भाग 9 मध्ये आत्याने भाचीला दिलेल्या चिठ्ठीतही तोच शब्द, तशाच चुकीसह. रफार 'वा'वरून उडून 'शि'च्या डोक्यावर बसलेला. चूक इतकी सर्रास दिसते की बहुतेकांच्या नजरेला ती टोचतही नाही, आणि लेखिकेने नेमकी म्हणूनच ती निवडली होती.

वाचक निवृत्त मुद्रितशोधक. भाग 4 पासून ते मालिकेला जोडले गेले, आधीचे तीन भाग एका बैठकीत वाचले, आणि त्यानंतर जवळपास प्रत्येक भागावर त्याच रात्री 300 ते 500 शब्दांची प्रतिक्रिया लिहू लागले. ते लेखिकेला 'ताई' म्हणत, ती त्यांना 'काका'.

त्यांच्या सुरुवातीच्या प्रतिक्रिया कशा होत्या

ज्या लेखकाने दोन-चार महिने मालिका चालवली आहे, त्याला ठाऊक असतं की बहुतेक प्रतिक्रिया तीन-चार साच्यांत बसतात: 'खूप छान', 'पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत', 'भाग थोडा मोठा टाका ना'. त्यांनी उमेद टिकते, आणि ते कमी मोलाचं नाही. पण पुढचा भाग लिहायला बसल्यावर त्यातलं हाताशी काही येत नाही.

काकांच्या प्रतिक्रिया वेगळ्या होत्या. भाग 7 मध्ये आई पोस्टमनला पाणी देते आणि पत्र मागायचं टाळते, असा चार ओळींचा प्रसंग होता. काकांनी लिहिलं की ते तिथे थांबले, मागे गेले, आणि पाण्याचा पेला भरलेला परत गेला का रिकामा, हे शोधू लागले. ते लिहिलेलंच नव्हतं, आणि नाही तेच बरं वाटलं. लेखिकेला यातून तीन गोष्टी कळल्या: प्रसंग पोहोचला, तो नेमका कोणत्या वस्तूच्या आधाराने पोहोचला, आणि न लिहिलेलं वाचकाने स्वतः भरलं. चालू मालिकेवरच्या प्रतिक्रियेचा खरा उपयोग हा असतो. पुस्तक पूर्ण झाल्यावर आलेला अभिप्राय कितीही विद्वत्तापूर्ण असला तरी भाग 8 लिहिताना तो उपलब्ध नसतो.

त्यांनी विसंगतीही दाखवल्या. भाग 11 मध्ये आजोबांच्या डाव्या हाताला प्लास्टर होतं, भाग 12 मध्ये ते त्याच हाताने काठी धरतात. लेखिकेने त्याच रात्री दुरुस्ती केली. अशा तीन-चार चुकांनंतर दोघांमध्ये एक न बोललेला करार झाला: काका दाखवणार, ताई दुरुस्त करणार. पुढे गाडं अडलं ते याच कराराशी.

अडचण

भाग 14 मध्ये काकांनी एकूण चार चुका दाखवल्या. त्यांतल्या तीन टंकनाच्या होत्या आणि तासाभरात सुधारल्या गेल्या. चौथी 'आर्शिवाद'. ती तशीच राहिली. भाग 16 खाली आणखी एका वाचकाने लिहिलं, 'ताई, तो शब्द आशीर्वाद असा हवा.' लेखिकेने आभार मानले आणि बदल केला नाही.

भाग 27 मंगळवारी आला. त्या रात्रीच्या काकांच्या प्रतिक्रियेत भागाविषयी जेमतेम दोन वाक्यं होती. बाकी सगळा युक्तिवाद: भाग 14 मधल्या तीन चुका सुधारल्या आणि एक मुद्दाम ठेवली, म्हणजे ती चूक नाही, तोच शब्द भाग 9 मधल्या चिठ्ठीत आहे, म्हणजे पत्रं आत्या लिहिते आणि मुलगा जिवंत नाही. सगळं बरोबर, सगळं उघड, नावासकट.

रहस्य धाग्यांच्या बाहेरून फुटलं, ही या प्रकरणातली सगळ्यात शिकण्यासारखी बाब आहे. छापील पुस्तकात असा पुरावा वाचकाच्या हाती लागूच शकत नाही. इथे लेखिकेच्या दुरुस्तीच्या सवयीनेच तो दिला. काही चुका तत्परतेने सुधारायच्या आणि एकच सोडायची, म्हणजे तिच्याभोवती गोल काढून दाखवण्यासारखं होतं. एक मुद्रितशोधक वाचतो आहे म्हटल्यावर ते सुटणं शक्यच नव्हतं.

लगेच दिसलेले परिणाम दोन. इतर नियमित वाचक आपलं लिहिणं आवरून 'काकांनी म्हटलंय तेच' एवढंच टाकू लागले. आणि नव्याने येणारे वाचक भाग 27 पर्यंत पोहोचले की खाली त्यांना उत्तर तयार मिळत होतं. उलगड्याला अजून 19 भाग बाकी होते, म्हणजे साडेनऊ आठवडे. लिहून तयार असलेल्या भागांचा साठा तोवर 8 वरून 3 वर आला होता.

समोरचे पर्याय

रहस्यच बदलायचं, हा पहिला विचार. पत्रं आत्याऐवजी मुलाची धाकटी बहीण लिहिते असं करायचं. वाचकाला चकवल्याचं समाधान मिळालं असतं, पण भाग 9, 14 आणि 21 मधले धागे आत्याच्या नावाने विणलेले होते. ते मागे जाऊन उसवले तरी 27 भाग वाचून झालेले लोक पुन्हा वाचणार नव्हते. त्यांच्या मनात जुनी कथा आणि पडद्यावर नवी, असा पेच झाला असता.

वाचकाच्या पत्रावरून चालू कादंबरी बदलल्याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. इंग्रजी कादंबरीकार चार्ल्स डिकन्सची 'डेव्हिड कॉपरफील्ड' दरमहा एकेका अंकातून प्रसिद्ध होत होती. तिच्या डिसेंबर 1849 च्या अंकात मिस माउचर हे ठेंगण्या बाईचं पात्र आलं. आपल्यावरूनच ते बेतलं आहे अशी दुखावलेली तक्रार त्याच्या शेजारपाजारच्या एका बाईंनी केली, आणि पुढच्या अंकांत डिकन्सने त्या पात्राला सहृदय बनवलं. ते जमलं, कारण पात्र नुकतंच आलेलं होतं आणि त्याच्यावर आधीचं फारसं काही उभं नव्हतं. इथे पंचवीसेक भागांचा भार आत्यावर होता.

दुसरा पर्याय, प्रतिक्रिया काढून टाकायची. ती काढणं म्हणजे अंदाज खरा असल्याची पावती देणं, शिवाय सर्वांत मन लावून वाचणाऱ्या माणसाला दार दाखवणं. हा विचार फार वेळ टिकला नाही.

तिसरा, काहीच न करता ठरल्याप्रमाणे भाग 46 पर्यंत जायचं. प्रतिष्ठित दिसणारा पर्याय, पण त्याचा अर्थ 19 भाग वाचकाला ठाऊक असलेली गोष्ट लपवत राहायची. चौथा, उलगडा पुढे ओढायचा आणि 'कोण लिहितं' हा प्रश्न लवकर मिटवून 'का लिहितं, आणि आईला कळलं तर' या प्रश्नावर उरलेली कथा उभी करायची. पाचवा, काकांशी खासगीत बोलायचं.

शेवटचे दोन एकत्र करणं योग्य ठरलं असतं, आणि अखेर तेच झालं. पण त्याआधी एक चुकीचा निर्णय घेतला गेला.

काय केलं

भाग 28 आणि 29 तयार होते तसे गेले. भाग 30 लेखिकेने दोन रात्रींत नव्याने लिहिला आणि त्यात धाकट्या बहिणीच्या डायरीत 'आर्शिवाद' घुसवला, म्हणजे संशय तिच्याकडे वळावा. पहिला पर्याय असा मागच्या दाराने आत आला.

काकांची प्रतिक्रिया त्याच शुक्रवारी रात्री आली. भाग 5 मध्ये हीच मुलगी शाळेच्या फळ्यावरचं शुद्धलेखन सुधारते आणि त्यावरून शिक्षकांची बोलणी खाते, हे त्यांनी वाक्यासकट दिलं. ही चूक तिच्या हातून होणार नाही, असं लिहून ते थांबले. संशय वळला नाहीच, उलट एक चांगलं उभं राहिलेलं पात्र डळमळलं. चकवा देताना पात्राच्या स्वभावाला धक्का लागला की चकवा उघडा पडतो; जो वाचक धागा ओळखू शकतो, तो पात्रही ओळखतो.

यानंतर लेखिकेने एक आठवडा सुट्टी जाहीर केली. दोन भाग येणार नव्हते. या आठवड्यात तिने आणि तिच्या हस्तलिखिताच्या पहिल्या वाचक असलेल्या मैत्रिणीने एक काम केलं, जे कोणत्याही चालू मालिकेच्या लेखकाने अधूनमधून करावं. काकांच्या सर्व प्रतिक्रिया एका फाइलमध्ये घेतल्या आणि प्रत्येक वाक्याला रंग दिला. वाचताना काय झालं ते हिरवं, विसंगती निळी, आवडनिवड पिवळी, पुढचा अंदाज किंवा मागणी लाल. भाग 15 पर्यंत पान हिरवंगार होतं. भाग 20 पासून लाल वाढत गेला आणि भाग 27 नंतर हिरवा जवळजवळ संपला.

बदल काकांच्या स्वभावात झाला होता असं समजणं अन्यायाचं ठरेल. भाग 18 ते 26 या टप्प्यात लेखिकेने कुठल्या प्रतिक्रियांना उत्तरं दिली, तेही पाहिलं गेलं. हिरव्या वाक्यांना ती 'मनापासून आभार काका' एवढंच लिहीत होती. लाल वाक्यांना मात्र 'बघू या हं!', 'अहो काका, इतक्यात नाही सांगणार' अशी खेळकर, लांब उत्तरं. ज्याला प्रतिसाद मिळतो ते वाचक जास्त लिहितो. अंदाजाचा खेळ दोघांनी मिळून वाढवला होता.

मग लेखिकेने काकांना खासगी निरोप लिहिला. अंदाज बरोबर की चूक, याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. तीन विनंत्या होत्या. अंदाज तारीख घालून स्वतःच्या वहीत लिहावा आणि उलगडा झाल्यावर हवा तर ते पान सर्वांना दाखवावं. विसंगती दिसली तर भाग क्रमांक, ते वाक्य आणि ज्याच्याशी विसंगत आहे ते वाक्य, असं तिहेरी खासगीत कळवावं. आणि उघड प्रतिक्रियेत त्या भागात कुठे थांबलात, कुठे मागे गेलात, कुणाची काळजी वाटली, हे पूर्वीसारखं लिहावं. सोबत भाग 7 वरची त्यांची पाण्याच्या पेल्याची प्रतिक्रिया जोडली होती: असं काही मिळालं की पुढचा भाग लिहायला बळ येतं.

भाग 31 आणि 32 वर काकांकडून काहीच आलं नाही. मग उत्तर आलं, थोडं दुखावलेलं: 'ताई, रहस्यकथेत अंदाज करू नका म्हणजे निम्मं वाचन बंद करा, असंच ना?' मुद्दा रास्त होता. रहस्यकथेचा वाचक अंदाज बांधतो तेव्हा तो कथेच्या आतच असतो, आणि त्याला गप्प बसवणं म्हणजे कथेबाहेर काढणं. तडजोड अशी निघाली की अंदाजाची वाट सांगायची, मुक्काम सांगायचा नाही. म्हणजे 'भाग 9 परत वाचला आणि आता माझी खात्री झाली' इतकं उघड लिहायला हरकत नाही. नाव घ्यायचं नाही. भाग 33 पासून काकांनी तसं सुरू केलं.

कथेच्या बाजूने उलगडा भाग 46 वरून भाग 36 वर आणला. भाग 30 मधली डायरीची नोंद काढली आणि भागाच्या वर ठळक ओळ टाकली: 'या भागात दुरुस्ती केली आहे, डायरीचा प्रसंग बदलला आहे.' गुपचूप बदल केला असता तर काकांना तो दिसलाच असता, आणि इतरांना आपण काही भलतंच वाचलं होतं का असा संभ्रम झाला असता.

परिणाम

भाग 36 मध्ये आत्या नवं पत्र लिहायला बसते आणि 'आर्शिवाद'पाशी अडते, कारण भाचीने नुकतीच तिच्या चिठ्ठीतली तीच चूक हसत हसत दाखवली आहे. शब्द सुधारला तर आईला अक्षर परकं वाटेल, न सुधारला तर भाची ओळखेल. हा प्रसंग मूळ आराखड्यात नव्हता. वाचक शब्दावर बोट ठेवून बसले आहेत हे कळल्यावरच तो सुचला, आणि मालिकेतला तो सर्वांत ताकदीचा प्रसंग ठरला.

काकांनी त्यावर वहीतलं पान दाखवलं नाही. अंदाज खरा ठरल्याचा उल्लेखही केला नाही. लिहिलं ते आत्याविषयी: पेनाचं टोपण ती तीनदा लावते आणि काढते, त्यांपैकी दुसऱ्या वेळी तिने खोटं बोलायचं कायमचं ठरवलं असं त्यांना वाटलं. लेखिकेने पुढच्या दोन भागांत आत्याचे निर्णय लिहिताना हे वाक्य समोर ठेवलं.

मालिका 57 भागांत संपली, ठरल्यापेक्षा तीन भाग आधी. उलगड्यानंतरचे भाग अधिक घट्ट झाले. सगळंच भरून मात्र आलं नाही. भाग 27 नंतर गप्प झालेल्या नियमित वाचकांपैकी दोघी पुन्हा लिहित्या झाल्या नाहीत. काकाही दर भागाऐवजी तीन-चार भागांनी एकदा लिहू लागले. त्यांच्या प्रतिक्रिया चांगल्याच होत्या, पण सुरुवातीचा मोकळेपणा त्यांत राहिला नव्हता. उघड आणि खासगी यांची वाटणी केली की माणूस लिहिण्याआधी स्वतःला तपासू लागतो, आणि ती किंमत इथे मोजावी लागली.

काय वेगळं करता आलं असतं

दुरुस्तीपासून सुरुवात करायला हवी. मुद्दाम ठेवलेली चूक हा धागा असेल तर मालिका चालू असताना कोणतीच चूक लगेच सुधारू नये. सगळ्या एका यादीत टिपून ठराविक दिवशी, समजा दर दहा भागांनी, एकत्र सुधाराव्यात. मग एखादी राहिली तर ती नजरचुकीने राहिली असं वाटायला जागा असते. याहून सुरक्षित उपाय म्हणजे ती चूक कथेतल्याच कुणाच्या तरी लक्षात आणून देणं. धाकटी बहीण भाग 14 मध्येच 'दादाला अजून शुद्ध लिहिता येत नाही' असं म्हणाली असती, तर वाचकांनी ती लेखिकेची चूक मानली नसती, दुरुस्तीचा प्रश्नच आला नसता, आणि धागा उघड्यावर असूनही झाकलेला राहिला असता.

साठ्याचा प्रश्न तितकाच गंभीर आहे. तीनच भाग हाताशी असताना वाचकाचा अंदाज थेट पुढच्या आठवड्याच्या लिखाणावर येऊन आदळतो. आठ-दहा भाग तयार असते तर भाग 30 घाईत बदलायचा मोहच झाला नसता, कारण पुढचे पाच-सहा भागही बदलावे लागले असते. साठा पाचाच्या खाली गेला की आठवड्याला दोनऐवजी एक भाग करावा. वाचक कुरकुर करतात, पण सोडून जात नाहीत. घाईने लिहिलेला भाग वाचून मात्र जातात. शिवाय रहस्याच्या टप्प्यात प्रतिक्रिया आल्या दिवशी वाचू नयेत. पुढचा भाग पक्का झाल्यावर वाचाव्यात.

खासगी निरोप भाग 20 च्या सुमारास, लाल रंग वाढू लागला तेव्हाच गेला असता तर त्यात विनंती राहिली असती. भाग 30 नंतर गेल्यामुळे ती समज दिल्यासारखी वाटली. आणि त्याही आधी, उत्तरं देण्याची सवय बदलली असती तर कदाचित निरोपाची गरजच पडली नसती.

वाचकाच्या बाजूनेही एक-दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत, कारण काकांसारखं वाचणारे अनेक जण असतात आणि मालिका त्यांच्या जिवावर उभी राहते. भाग वाचून झाला की इतरांचं काही वाचण्याआधी आपलं लिहावं. नाहीतर पहिल्या मोठ्या प्रतिक्रियेचा रंग सगळ्यांना लागतो. अंदाज लिहायचाच असेल तर पुरावा कुठे सापडला ते लिहून थांबावं, पुढची उडी इतरांना मारू द्यावी. 'हे पात्र असं वागायला नको होतं' आणि 'हे पात्र भाग 5 मध्ये वेगळं होतं' ही दोन वाक्यं वेगळी ठेवावीत: पहिली आवड आहे, दुसरी विसंगती, आणि लेखक दुसरीवर लगेच काम करू शकतो.

भाग 27 वरची मूळ प्रतिक्रिया मालिका संपल्यावरही काढलेली नाही. काकांची परवानगी घेऊन लेखिकेने फक्त त्या भागाच्या शेवटी एक सूचना टाकली आहे: 'खालच्या प्रतिक्रियांत पुढचा उलगडा आहे; आधी भाग 36 वाचा.'